डोंगरावर थांबलेला पूर

१९०७ च्या जुलैत ताहो तळ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून ६,२३१ फुटांच्या वर चढलं. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडाच्या शिखरांमध्ये हे तळं आहे. आज त्याची कायद्याने ठरलेली कमाल पातळी ६,२२९.१ फूट आहे. त्या वर्षी पाणी या पातळीच्याही दोन फूट वर होतं. दोन फूट ऐकायला किरकोळ वाटतात, पण तळं इतकं विस्तीर्ण आहे की ते एक फूट चढलं की त्यात सुमारे ५.३ टीएमसी पाण्याची भर पडते. दोन फुटांचं ते पाणी आपलं खडकवासला धरण पाच वेळा भरून उरेल इतकं होतं. काठावर ज्यांच्या जमिनी होत्या, त्यांना ते आपल्या अंगणात पाहावं लागलं.

या तळ्यातून बाहेर पडायला एकच वाट आहे, ट्रकी नदी. ती तळ्यातून निघते तिथे बांध घातलेला आहे आणि त्याचे दरवाजे ज्याच्या हाती, त्याच्या हाती तळ्याचे वरचे सहा फूट. खालच्या अंगाला वीज कंपनीची जलविद्युत केंद्रं, त्यापुढे रेनो शहर आणि त्याही पुढे नेवाडाच्या वाळवंटात सरकारी कालव्यांवर नव्याने शेती करू लागलेले शेतकरी. नदी शेवटी पिरॅमिड तळ्यात जिरते, समुद्रापर्यंत पोचतच नाही. खालच्यांना उन्हाळ्यासाठी तळं काठोकाठ भरलेलं हवं असे. वरच्यांना पाणी आपल्या धक्क्यांच्या खाली हवं असे. दोघांची मागणी रास्त होती. हिवाळ्यात दरवाजे उघडून तळं रिकामं केलं आणि बर्फ कमी पडलेलं निघालं, तर शेतं वाळणार. दरवाजे बंद ठेवले आणि बर्फ भरपूर निघालं, तर काठ बुडणार. प्रत्येक वसंतात कोणीतरी अंदाजाने निर्णय घ्यायचा आणि कोणीतरी कोर्टाची धमकी द्यायची, असं चाललं होतं.

खरं तर येणारं सगळं पाणी तेव्हा डोळ्यांसमोरच असे. पावसाचा पूर आभाळातून येतो आणि फार तर काही दिवस आधी कळतो. बर्फाचा पूर मात्र डिसेंबरपासून डोंगरावर येऊन बसलेला असतो आणि मे-जूनपर्यंत तिथेच थांबतो. चार-पाच महिन्यांची सवड देणारा पूर दुसरा नाही. अडचण एकच होती. डोंगरावर पांढरं किती दिसतं हे सगळ्यांना कळत होतं, त्यात पाणी किती आहे हे कोणालाच कळत नव्हतं.

हे कोडं सोडवलं ते लॅटिनच्या एका प्राध्यापकाने. जेम्स एडवर्ड चर्च यांचा जन्म १८६९ चा, मिशिगन राज्यातला. १८९२ मध्ये ते रेनोच्या नेवाडा विद्यापीठात शिकवायला आले, पुढे जर्मनीत म्यूनिकला जाऊन डॉक्टरेट घेऊन परतले. अभिजात भाषा आणि कला हा त्यांचा प्रांत. रेनोतल्या कलासंग्रहालयाच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. पण शहराच्या नैर्ऋत्येला उभ्या असलेल्या माउंट रोझ या १०,७७६ फुटांच्या शिखराने त्यांना ओढून घेतलं. १८९५ मध्ये ते भर हिवाळ्यात त्या शिखरावर चढले. हिवाळ्यात तिथे कोणी जात नसे. चर्च पुन्हा पुन्हा जात राहिले आणि १९०५ मध्ये त्यांनी शिखरावर हवामानाची वेधशाळा उभी केली. ती वेधशाळा म्हणजे उपकरणं ठेवायची एक खोपटी होती. तिच्यातले आकडे आणायला दर वेळी बर्फातून चढून जावं लागे.

त्या काळी अमेरिकेत एक वाद गाजत होता: जंगल बर्फ राखतं की नाही? झाडं तोडली तर नद्यांना पूर येतील का? चर्च यांनी वादात मत न देता मोजायला सुरुवात केली. झाडीत, झाडीच्या मधल्या मोकळ्या जागांत, उघड्या उतारांवर. त्यांना आढळलं की गच्च जंगलात बरंचसं बर्फ फांद्यांवरच अडकतं आणि तिथूनच उडून जातं, उघड्या माळावरचं वारा पळवतो, आणि मधेमधे मोकळ्या जागा असलेल्या जंगलात बर्फ सगळ्यात चांगलं साठतं व सगळ्यात जास्त टिकतं. हे मोजताना त्यांच्या लक्षात आलं की बर्फाची खोली मोजून काहीच हाती लागत नाही. ताजं भुसभुशीत बर्फ दहा इंच असलं तर त्यात पाणी जेमतेम इंचभर असतं. तेच बर्फ वसंतात दबून, मुरून, दाणेदार झालं की दहा इंचांत चार-पाच इंच पाणी असू शकतं. बर्फ तोलायला हवं होतं.

बर्फाचे ठोकळे कापून तोलण्याचे प्रयोग त्याआधीही कुणी कुणी केले होते. पण दहा-पंधरा फूट बर्फाचा ठोकळा कापायचा कसा आणि अशा शंभर जागा करायच्या कशा? चर्च यांनी पोलादी नळी बनवली. तुकडे एकमेकांना जोडून हवी तेवढी लांब होणारी, खालच्या तोंडाला करवतीसारखे दाते असलेली. ती फिरवत फिरवत जमिनीपर्यंत घालायची, आतल्या बर्फाच्या कांडीसकट वर काढायची आणि तशीच काट्याला टांगून वजन घ्यायचं. नळीचं वजन वजा केलं की राहिलं ते बर्फाचं. या नळीचं जे रूप पुढे रूढ झालं, त्यात तोंडाचा आतला व्यास १.४८५ इंच ठेवलेला असतो. एवढ्या व्यासाच्या नळीत एक इंच पाण्याचं वजन बरोबर एक औंस भरतं. काट्यावर चाळीस औंस दिसले तर डोंगरावर त्या जागी चाळीस इंच पाणी उभं आहे, गुणाकार-भागाकार काही नको. हातमोज्यांत बोटं गोठलेली असताना, वाऱ्यात कागद धरवत नसताना हिशोब करावा लागू नये, याची ही सोय. माझ्या मते त्या काळातल्या सुंदर उपकरणांत हिची गणना व्हायला हवी. माउंट रोझ नळी याच नावाने ती जगभर ओळखली गेली.

पण नळीपेक्षाही मोठी होती त्यामागची युक्ती. सगळा डोंगर तोलणं कोणालाच शक्य नाही. चर्च म्हणाले, सगळा तोलायची गरजही नाही. वाऱ्यापासून आडोशाच्या काही जागा निवडा, तिथे ठरलेल्या रेषेवर ठरलेल्या खुणांशी दर वर्षी त्याच सुमारास बर्फ तोला आणि सरासरी काढा. काही वर्षांत नेहमीचा आकडा कळेल. मग यंदाचं बर्फ नेहमीच्या दीडपट असेल, तर नदीला येणारं पाणीही सुमारे दीडपट असेल. १ एप्रिल ही तारीख पुढे पश्चिम अमेरिकेत जवळजवळ पंचांगातल्या तिथीसारखी झाली, कारण त्या सुमारास बर्फाचा साठा सहसा सर्वाधिक असतो.

ताहोच्या वादात ही युक्ती कामी आली. १९१० नंतरच्या वर्षांत चर्च वसंताच्या तोंडावर बर्फ तोलून तळं किती फूट चढेल हे सांगू लागले आणि त्यावरून दरवाजे आधीच उघडता येऊ लागले. तळ्यात नेमकी तेवढी जागा रिकामी करायची, जेवढी बर्फ भरून काढणार आहे. कमी रिकामी केली तर वरचे बुडतात, जास्त केली तर खालचे तहानतात. पूरनियंत्रणाचं पुढचं शतकभराचं शास्त्र या एका वाक्यात सामावलं आहे. धरणातली रिकामी जागा फुकट मिळत नाही. ती ठेवायला कोणाला तरी आपलं पाणी, आपली वीज सोडून द्यावी लागते, आणि हातात ठोस आकडा असल्याशिवाय कोणी सोडत नाही.

चर्च यांची पद्धत हळूहळू पसरली. कॅलिफोर्नियाने १९२९ मध्ये राज्यभर बर्फमापन सुरू केलं, १९३५ पासून केंद्र सरकारने पश्चिमेच्या सगळ्या राज्यांत ते हाती घेतलं. पण वायव्येला कोलंबिया नदीवर बर्फाचं मापन होतं, तरी पूर सामावायला राखून ठेवलेली जागा नव्हती. ग्रँड कूलीसारखं प्रचंड धरण उभं होतं, पण ते विजेसाठी आणि सिंचनासाठी.

१९४८ चा वसंत तिथे थंड गेला. बर्फ वितळायचं थांबलं, वर आणखी पडत राहिलं. मे महिना अर्धा उलटल्यावर एकदम ऊन तापलं आणि त्यावर पाऊस आला. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराला लागून, नदीकाठच्या सखल जमिनीवर व्हॅनपोर्ट नावाची वसाहत होती. युद्धकाळात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी १९४२ मध्ये घाईघाईने उभारलेली, एके काळी चाळीस हजार वस्तीची. युद्ध संपल्यावर तिथे साडेअठरा हजारांच्या आसपास माणसं उरली होती. त्यांतली सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होती, कारण त्यांना पोर्टलंडमध्ये दुसरीकडे घर मिळणं जवळपास अशक्य होतं. वसाहत चारी बाजूंनी बांधांनी वेढलेली आणि बाहेरचं पाणी आतल्या जमिनीच्या वर. ३० मे, रविवार. त्या सकाळी गृहनिर्माण प्राधिकरणाने घरोघर पत्रक वाटलं: बांध सुरक्षित आहेत, गरज पडली तर आधी कळवू, घाबरू नका. दुपारी सव्वाचारच्या सुमारास पश्चिमेकडचा रेल्वेचा भराव फुटला. संध्याकाळपर्यंत व्हॅनपोर्ट पाण्याखाली होतं. किमान पंधरा माणसं गेली. सुट्टीचा दिवस आणि उजेडाची वेळ होती, म्हणूनच आकडा एवढ्यावर थांबला. हे गाव पुन्हा कधीच वसलं नाही. कोलंबियाचा विसर्ग त्या दिवसांत दहा लाख क्युसेकच्या वर गेला होता.

ते पाणी महिनोन्‌महिने डोंगरावर होतं. मला या इतिहासातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं पान हेच वाटतं. पत्रक लिहिणाऱ्यांना बांधाची काळजी होती, पण बांधापर्यंत पाणी येऊच नये म्हणून शेकडो मैल वर जागा रिकामी ठेवण्याची व्यवस्थाच कोणी केलेली नव्हती.

ती व्यवस्था करायला सीमा ओलांडावी लागली, कारण कोलंबियाचं बरंचसं बर्फ कॅनडात पडतं. १९६१ मध्ये दोन्ही देशांनी कोलंबिया नदी करारावर सह्या केल्या, १९६४ मध्ये तो अंमलात आला. कॅनडाने आपल्या हद्दीत तीन धरणं बांधायची आणि त्यांत अमेरिकेच्या पुरासाठी जागा रिकामी ठेवायची. त्या बदल्यात अमेरिकेने साठ वर्षांसाठी ६ कोटी ४४ लाख डॉलर मोजले. रिकाम्या जागेची इतकी चोख किंमत इतिहासात क्वचितच ठरली असेल. कॅनडातल्या त्या दऱ्यांमधल्या गावांनी आणि शेतांनी मात्र वेगळी किंमत मोजली, त्यांच्या जमिनी कायमच्या जलाशयाखाली गेल्या. या व्यवस्थेत जानेवारीपासून दर महिन्याला बर्फ तोलून उन्हाळ्यापर्यंत किती येवा होईल याचा अंदाज निघतो आणि त्यावरून एप्रिलअखेर कोणतं धरण किती रिकामं असायला हवं हे ठरतं. बर्फ कमी असलेल्या वर्षी थोडं, भरपूर असलेल्या वर्षी खोलवर. सप्टेंबर २०२४ मध्ये ती साठ वर्षं संपली.

दरम्यान माणसाच्या जागी यंत्र आलं. डोंगरावर पाणी गोठू नये म्हणून रसायन मिसळलेल्या द्रावाने भरलेल्या मोठ्या चपट्या पिशव्या अंथरायच्या, वर साठणाऱ्या बर्फाचा दाब त्या आपोआप नोंदवतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा केंद्रांचं सरकारी जाळं उभं राहू लागलं. दुर्गम दऱ्यांतून आकडे पाठवण्यासाठी त्यांनी उल्का वापरल्या. वातावरणात जळून जाणाऱ्या उल्केचा विद्युतभारित माग क्षणभर टिकतो. तेवढ्यात रेडिओ संदेश त्यावर आदळवून शेकडो मैल दूरच्या केंद्रावर उतरवायचा. तशा उल्का दिवसभर पडतच असतात.

आता मापन होतं, धरणं होती, जागेचे नियम होते. तरीही १९८३ आलं.

कोलोरॅडो नदीवरचं ग्लेन कॅन्यन धरण १९८० मध्ये पहिल्यांदा पूर्ण भरलं. त्यामागचा पॉवेल जलाशय हजार टीएमसीहून मोठा, आणि तो भरलेला ठेवण्याकडे सगळ्यांचा कल. दुष्काळी मुलखात पाणी सोडून देणं जिवावर येतं. १९८३ च्या हिवाळ्यात बर्फाचे आकडे भीती वाटावी असे नव्हते, म्हणून जागाही बेताची ठेवली गेली. पण वादळं थांबलीच नाहीत. एप्रिलमध्ये बर्फ पडलं, मेमध्येही पडलं. थंडीने ते धरून ठेवलं. मग मेच्या शेवटी उष्मा आणि त्याबरोबर पाऊस. युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत रस्त्याच्या दोन्ही कडांना वाळूच्या पोत्यांचे बांध घालून वितळलेलं पाणी शहरातूनच वाहून न्यावं लागलं.

ग्लेन कॅन्यनला दोन सांडवे आहेत, दोन्ही खडकातून खोदलेले ४१ फूट व्यासाचे बोगदे. जूनच्या सुरुवातीला डावा सांडवा सुरू केला. काही दिवसांतच आतून गडगडाट ऐकू येऊ लागला. प्रचंड वेगाने वाहणाऱ्या पाण्यात दाब घटला की बाष्पाचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना काँक्रीटवर घणाचे घाव घालतात. एकदा खड्डा पडला की पाणी तिथे अधिक उसळतं आणि पुढचा खड्डा अधिक मोठा पडतो. बोगद्याच्या तोंडातून काँक्रीटचे तुकडे आणि लाल वालुकाश्म बाहेर फेकले जाऊ लागले. सांडवा बंद करावा तर पाणी दरवाज्यांवरून जाणार, चालू ठेवावा तर बोगदा पोखरणार. अभियंत्यांनी दरवाज्यांच्या माथ्यावर चार फूट उंचीच्या प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या. पुढे त्या काढून आठ फुटी पोलादी पत्रे बसवले. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक काही आठवडे त्या फळ्यांनी थोपवलेला होता. जुलैच्या मध्यास पाणी ३,७०८ फुटांवर पोचून थांबलं. धरणाचा माथा ३,७१५ फुटांवर. सांडवे बंद झाल्यावर माणसं आत उतरली, तेव्हा डाव्या बोगद्यात ३२ फूट खोल, ४० फूट रुंद आणि १५० फूट लांब खड्डा होता. खाली हूवर धरणाचे सांडवेही त्या जुलैत वाहिले. ते बांधल्यापासूनची, १९४१ नंतर, ही दुसरीच वेळ.

चूक नळीची नव्हती. चर्च यांच्या पद्धतीत एक गृहीत दडलेलं आहे: १ एप्रिलनंतरचा वसंत नेहमीसारखा जाईल. तो तसा गेला नाही, की गुणोत्तर कोसळतं. आणि धरण काठोकाठ असेल तर चुकीला जागाच उरत नाही. पुढच्या काळात सांडव्यांत हवा आत घेणाऱ्या खाचा खोदल्या गेल्या आणि वसंतापूर्वी जागाही अधिक मोकळी ठेवली जाऊ लागली. मला यातला दुसरा बदल मोठा वाटतो.

१९९७ च्या नव्या वर्षाच्या दिवशी सिएरावर आलेलं वादळ उबदार होतं. ताज्या बर्फावर उंचापर्यंत पाऊस पडला, बर्फ आणि पाऊस एकत्र खाली आले. योसेमिटीचं खोरं बुडालं आणि ट्रकीच्या पुराने चर्च यांच्या रेनोच्या मध्यवस्तीतून वाट काढली. मे-जूनपर्यंत थांबणारा पूर जानेवारीतच निघाला होता. हवामान तापतं आहे तसं बर्फाऐवजी पाऊस अधिक उंचीपर्यंत पडू लागला आहे, आणि गेल्या शंभर वर्षांच्या सरासरीवर उभं केलेलं गुणोत्तर हळूहळू भरवसा गमावतं आहे. १ एप्रिल २०१५ ला कॅलिफोर्नियाच्या बर्फात पाणी नेहमीच्या फक्त ५ टक्के होतं. राज्यपाल जेरी ब्राउन मापनाच्या ठरलेल्या जागी सुक्या गवतावर उभे होते. आठ वर्षांनी, २०२३ च्या एप्रिलच्या आरंभी, तोच आकडा २३७ टक्के होता आणि दक्षिणेच्या सखल भागात शतकापूर्वी आटवलेलं ट्यूलेरी तळं शेतांवर पुन्हा पसरलं. त्या वर्षी धरणचालकांच्या हातात आणखी एक साधन होतं. २०१३ मध्ये नासाच्या प्रयोगशाळेने विमानातून लेसर किरणांनी डोंगर मोजायला सुरुवात केली होती: उन्हाळ्यात उघडी जमीन, हिवाळ्यात बर्फाचा पृष्ठभाग, दोन्हींतला फरक म्हणजे खोली, आणि खोलीवरून पाणी. काही जागांची सरासरी काढण्याऐवजी सगळा डोंगर मोजण्याचं जे काम चर्च यांना अशक्य वाटलं, ते आता एका उड्डाणात होऊ लागलं.

चर्च यांनी ते पाहिलं नाही, १९५९ मध्ये ते गेले. पण १९४७ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते भारत सरकारच्या निमंत्रणावरून हिमालयात बर्फमापनाची घडी बसवायला आले होते. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला तेव्हा आपल्या हिमालयातल्या नद्यांवर मोठी धरणं बांधायची होती आणि त्यासाठी बर्फातलं पाणी कळायला हवं होतं. सतलजवरचं भाक्रा धरण १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. त्याला मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी बर्फ आणि हिमनद्या वितळून येतं. भाक्राचा भरण्याचा काळ मे ते सप्टेंबर. आधी वितळपाणी येतं, मागोमाग मोसमी पाऊस. म्हणजे जूनमध्ये बर्फाने किती जागा व्यापली यावर ऑगस्टच्या पावसासाठी किती जागा उरते हे ठरतं. १९८८ च्या सप्टेंबरअखेर जलाशय भरत आलेला असताना अतिवृष्टी झाली आणि पंजाबात भीषण पूर आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भाक्रा आणि बियासवरच्या पोंग या धरणांमधून सोडलेल्या पाण्याने पुन्हा गावं बुडाली. उपग्रहावरून सतलजच्या वितळपाण्याचा अंदाज काढण्याचं काम आपल्याकडे अनेक वर्षं झालं आहे आणि ते मोलाचं आहे. पण उपग्रहाच्या चित्रात बर्फाने किती डोंगर झाकला ते दिसतं, त्याचं वजन दिसत नाही, आणि धरणात शिरतं ते वजन.

कॅलिफोर्नियात बर्फातल्या पाण्याचा खोरेनिहाय आकडा रोज जाहीर होतो, शेतकरी आणि पत्रकार तो धरणचालकाइतक्याच सहज वाचतात. हिमालयातल्या खोऱ्यांतही उंचावर वजन नोंदवणारी केंद्रं भरपूर वाढायला हवीत. आणि पावसाळ्यात धरणांच्या साठ्याचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तसा मार्चपासून जूनपर्यंत सतलज, बियास आणि चिनाबच्या डोंगरावर किती टीएमसी पाणी बर्फात आहे, हा आकडाही रोज छापला जावा.